देवाला न चालणारी फुलं

मोठीआईच्या तेरवीला पंगतीत जो तो एकच गोष्ट बोलत होता. बाईला फुलांची भारी आवड. ज्या नवेगाव बांधात परसात वांगी-मिरची सोडून दुसरं काही लावणं म्हणजे जागा नासवणं, तिथं या बाईनं पहाडातली पिवळी फुलं फुलवली. केवढा शौक, केवढं मऊ काळीज. मी भाताचा घास तोंडात धरून ऐकत होतो. 'मऊ काळीज' ऐकल्यावर मात्र हसू आवरेना, घास उलटा गेला आणि जोराचा ठसका लागला. शेजारच्या पाहुण्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि समजूत घातली, की आता रडून काय होते गा, पिकलं पान होतं.

डोळ्यांत पाणी आलेलंच होतं, तेव्हा मी खुलासा केला नाही. इथं करतो. मोठीआईला फुलांची आवड नव्हती. तिला सुडाची आवड होती. फुलं हाताशी होती, एवढंच.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठीआई म्हणतात आणि धाकटीला नुसतं काकी. ही धाकटी म्हणजे सुलाकाकी. तिच्यावाचून ही गोष्ट पुढं सरकत नाही, पण ती येईल आपल्या वेळेवर. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी या मुलखातली तळी बांधली, हे आम्ही कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मी गोंदियाला पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत कारकून आहे. पूर्वजांनी तळी बांधली, मी त्यांच्या फायली बांधतो. घराण्याची परंपरा तुटली असं कोणाला म्हणता येणार नाही.

मोठीआई अंगानं बारीक, उंचीनं बेताची, आणि आवाज मात्र दुसऱ्याच कोणा धिप्पाड बाईचा चुकून हिच्याकडे आलेला. चालायची ती नेहमी कोणाला तरी जाब विचारायला निघाल्यासारखी. दूध आणायला निघाली तरी गल्लीतली माणसं आपापलं काही चुकलं का हे मनात तपासून घ्यायची. लोक सहसा उपकार लक्षात ठेवतात नाहीतर अपमान विसरतात. मोठीआई दोन्हीतलं काहीच करायची नाही. उपकार ती जागच्या जागी फेडून मोकळी व्हायची, आणि अपमान मुरायला ठेवायची. लोणच्यासारखा. वरून तेल घालून.

मी लहान असताना एकदा तिच्या हातची झिंग्यांची भाजी खारट झाली, असं चारचौघांत बोलून गेलो. त्या दिवसापासून तिच्या घरी मला अळणी भाजी आणि ताटाशेजारी मिठाचा डबा. माझं लग्न झालं, पोरं झाली, केस गेले, डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं, तरी डबा चुकला नाही. बायकोला वाटायचं काय ही माया, पुतण्याच्या ब्लडप्रेशरची किती काळजी.

अर्जुनीच्या गाडीच्या एका कंडक्टरनं तिला एकदा फाट्यावर न उतरवता बरंच पुढं नेऊन सोडलं होतं. त्यानंतर ती ज्या ज्या वेळी त्याच्या गाडीत बसली, त्या त्या वेळी प्रत्येक थांब्याच्या आधी उभी राहून सगळ्या गाडीला सांगायची, की बापहो, आतापासूनच उठून राहा, हा माणूस थांबवत नाही. तो बिचारा हात जोडायचा. पुढं तो रिटायर झाला. मला वाटलं मोठीआई पेढे वाटेल. ती उलट म्हणाली, आता अर्जुनीले जाण्यात काही मजा नाई राह्यली.

कोणी तिला म्हटलं, की जाऊ द्या, विसरून जा, तर ती चुलीकडं बोट दाखवायची. "इस्तो राखेत दाबून ठेवावं बापा. इझवला तं सकाळी शेजारणीच्या दारात मागाले जावं लागते." इस्तो म्हणजे विस्तव. गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या डोक्यातली चूल काही विझली नाही.

आता सुलाकाकी.

दोघी जावा एकाच आवारात राहायच्या. वाटणीनंतर मध्ये छातीएवढी भिंत आली होती, पण घरातलं मोठं कार्य मोठीआईच्या ओट्यावरच व्हायचं. रथसप्तमीचं हळदीकुंकू तर तिचंच. संक्रांतीपासून गावात रोज कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू असतं, पण शेवटचा दिवस आमचा. तिच्या अंगणात तेव्हा झेंडू, शेवंती, गुलाब, मोगरा, सगळं काही होतं. प्रत्येक बाईला कुंकू, वाण आणि ओंजळभर फुलं. फुलांसाठी म्हणून पार बांधाच्या तळ्याकडच्या मोहल्ल्यातून बायका यायच्या.

मग धान कापणीच्या दिवसांत मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचे यजमान, गेले. रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठला नाही.

त्यानंतरची पहिली रथसप्तमी. हळदीकुंकू न बोलता, न विचारता भिंतीपलीकडे सुलाकाकीच्या ओट्यावर गेलं. तेवढंही मोठीआईनं गिळलं असतं, असं मला वाटतं. पण दुपारी सुलाकाकीची पोरगी वनिता टोपली घेऊन आली. वनिता तेव्हा कॉलेजात होती, आणि लहानपणी आईपेक्षा मोठीआईच्याच मांडीवर जास्त वाढलेली. ती दारात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. आईनं फुलं मागितली आहेत, म्हणाली. मग खाली बघत पुढचं सांगितलं, की पाहुण्या येऊन राहिल्या, तर मोठीआईनं आज मागच्या अंगणातच राहावं.

मोठीआईनं टोपली घेतली. झेंडू, शेवंती, गुलाब, टोपली वर येईपर्यंत भरली, ओलं फडकं झाकलं आणि पोरीच्या हातात दिली. मग मागच्या अंगणात जाऊन बसली. पलीकडून बांगड्यांचे, हसण्याचे, उखाण्यांचे आवाज संध्याकाळपर्यंत येत होते. तिळगुळाची वाटी दुसऱ्या दिवशी आली, झाकून.

वाटी आली तेव्हा मोठीआई अंगणात कुदळ चालवत होती. झेंडू उपटला. शेवंती उपटली. गुलाब मुळासकट काढले, हातांतून रक्त निघालं तरी थांबली नाही. मोगऱ्याचा वेल तर तिच्या सासूनं लावलेला, तोही गेला. मी त्या दिवशी गोंदियाहून आलो होतो. हे काऊन करून राहिली विचारलं, तर कुदळ न थांबवता म्हणाली, "माही फुलं चालतात, मी नाई चालत. असं होय तं मंग अशी फुलं लावीन का कोनालेच चालली नाई पाह्यजे."

मला वाटलं रागाच्या भरात बोलली. राग हा तिचा भर नव्हता, तो तिचा मुक्काम होता, हे मी त्या घटकेला विसरलो.

तिचं म्हणणं साधं होतं. अंगणात फूल पाहिजे, भरगच्च पाहिजे, आल्यागेल्याची नजर खिळली पाहिजे. पण ते पूजेत, हळदीकुंकवात, कुठल्याही शुभकार्यात बसता कामा नये. म्हणजे ते मागायला कोणी टोपली घेऊन येणार नाही. हे काम तिनं माझ्यावर सोपवलं, कारण मी सरकारी नोकर आणि मला वेळच वेळ. शोधायला लागल्यावर कळलं की आपल्या देवांनी आम्हा माणसांना काही शिल्लकच ठेवलेलं नाही. जास्वंद गणपतीची. रुई मारुतीची. झेंडू सगळ्यांचा. वैतागून मी धोतरा सुचवला, काटेरी, विषारी, गटाराच्या कडेला उगवणारा. मोठीआईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परधर्मातला आहे. धोतरा महादेवाचा. सदाफुली लावून बघितली, तर पहाटे फिरायला निघालेली मंडळी देवघरासाठी म्हणून भिंतीवरून हात घालून घेऊन गेली. बोगनवेल लावली, ती गणेशोत्सवाच्या पोरांनी मखराला नेली.

अशातच आम्ही कुटुंबासह हिमाचलात फिरायला गेलो. तिथं एका नर्सरीत मला लसणासारखे कांदे दिसले. शेजारी फुलाचं चित्र, पिवळी चांदणी आणि तिच्या मध्यात पेला. डॅफोडिल. माळी म्हणाला, साहब, नर्गिस समझ लो, पहाड में बर्फ पिघलते ही आ जाता है। मी विचारलं, ये भगवान को चढ़ाते हैं? तो म्हणाला, कभी देखा नहीं। मी दोन पिशव्या घेतल्या. आयुष्यात प्रथमच एखादी वस्तू तिचे दोष विचारून विकत घेतली.

मोठीआईनं खात्री करायला गावातल्या पुजारी महाराजांना बोलावलं आणि माझ्या मोबाइलवरचं चित्र दाखवलं. महाराज भले माणूस. म्हणाले, भाव शुद्ध असला की देवाला कुठलंही फूल चालतं. मोठीआईचा चेहरा पडला. भावाचं राहू द्या, म्हणाली, शास्त्रात कुठं बसते का तेवढं सांगा. महाराजांनी पुन्हा चित्र बघितलं, डोकं खाजवलं आणि कबूल केलं, की तसं हे कुठं बसत नाही. त्या दिवशी महाराजांना चहात दुप्पट साखर मिळाली.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. आम्ही धानाचे लोक. आमच्याकडे पायाखाली पाणी नाही ते पीकच नाही. मोठीआईनं जागा नांगरल्यासारखी उलटीपालटी केली, पाणी सोडून छान चिखल केला, आणि लुगडं वर खोचून कांद्यांची रोवणी केली. ओळीनं, वाकून, धानासारखी. मी बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये फोटो काढले. आठवडाभरात सगळे कांदे कुजले, आणि वास असा की सुलाकाकीनं पलीकडे नाकाला पदर लावला. मोठीआईला तेवढंच समाधान.

मग मी पुन्हा कांदे मागवले, कुरियरनं. या वेळी तिनं अंगणात पाळ घातली, तळ्याला घालतात तशी, फक्त गुडघ्याएवढी. दोन्ही बाजूंना उतार, वर माती पोकळ. पूर्वजांनी पाणी अडवायला पाळी घातल्या, हिनं पाणी हाकलायला घातली. पानं आली, हिरवीगार, तरतरीत. फूल एक नाही. मी माळ्याला फोन केला. तो म्हणाला, साहब, इसको ठंड लगनी चाहिए, नहीं तो इसे पता कैसे चलेगा कि जाड़ा निकल गया?

मोठीआईनं हे ऐकलं आणि तिसऱ्या वर्षी नवरात्र संपलं तसं फ्रिज रिकामा केला. दूध बाहेर, भाजी बाहेर. फळं तर कांद्यांच्या आसपासही चालत नाहीत हे समजल्यावर, पेरू घेऊन आलेल्या पाहुण्याला तिनं ओट्याच्या वर चढू दिलं नाही. कार्तिक संपेपर्यंत त्या फ्रिजमध्ये कांद्यांशिवाय काही नव्हतं. मी गेलो की चहा काळा मिळायचा. दूध फाटलं, म्हणायची, तुह्या कांद्यापायी. जणू सूड माझा होता.

आणि त्या वर्षी फुलली.

संक्रांतीनंतरचे दिवस. आमच्याकडे वसंत फार राहत नाही. पळस पेटला की पाठोपाठ ऊन येतं. पण त्याआधी थोडे दिवस असे मिळतात की सकाळी बांधावरून गार वारा येतो आणि दुपार अंगाला लागत नाही. त्या दिवसांत ती सगळी पाळ पिवळी झाली. वारा आला की सगळी एकदम एकाच अंगाला झुकायची, आणि मग जशीच्या तशी उभी राहायची. सुलाकाकीची शेळी एकदा दोर तोडून आत घुसली. तिनं एक पान तोंडात घेतलं, थुंकलं आणि निघून गेली. मोठीआईनं शेळीला हाकललंसुद्धा नाही. मला म्हणाली, "देवाले चालत नाई, बकरीले चालत नाई. आता हे फूल माहं."

आता प्रश्न आनंद घेण्याचा होता. आमच्या घराण्यात सकाळच्या वेळी रिकामं बसून एखाद्या गोष्टीचा आनंद घेतलेली बाई त्याआधी झाली नव्हती. मोठीआईनं प्लास्टिकची लाल खुर्ची आणली आणि पलीकडे सुलाकाकी तुळशीला पाणी घालायला येते, नेमक्या त्याच वेळी बाहेर मांडली. पहिल्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. हातांना काय करावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन बसली, पण लगेच आत नेऊन ठेवल्या. सुलाला वाटंल मी काम करून राहिली, म्हणाली. मग तिला जमत गेलं. चहाचा घोट घ्यायचा, फुलांकडे बघायचं, आणि भिंतीपलीकडे पोहोचेल अशा आवाजात 'वा' म्हणायचं. इतक्या कष्टानं आनंद घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा मी अचानक गेलो. सुलाकाकी तेव्हा नागपूरला भाच्याच्या लग्नाला गेलेली, पलीकडे कुलूप. मोठीआई खुर्चीत नव्हती, पाळीजवळ उकिडवी बसून एका वाकलेल्या फुलाच्या देठाखाली काडी लावत होती आणि हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मला बघून दचकून उठली. आज तर बघायला कोणी नाही, मी म्हटलं. ती म्हणाली, मी काय बघून नाई राह्यली, सराव करून राह्यली.

गावात बोलबाला झाला. रथसप्तमीला सुलाकाकीकडे निघालेल्या बायका आधी मोठीआईच्या फाटकाशी थांबायला लागल्या. मोठीआई त्यांना आत बोलवायची, खुर्ची द्यायची, फुलं दाखवायची, आणि एकही तोडू द्यायची नाही. बायका इथं रमायच्या, तिथं सुलाकाकीचा चहा निवायचा. कोणी विचारलं, की काकी, एवढी फुलली, दोन देवाला घातली तर? तर ती मोठ्या आनंदानं सांगायची, की नाही बसत वो शास्त्रात. एकदा कोणीतरी भिंतीवरून हात घालून एक फूल नेलंच आणि महादेवाच्या पिंडीवर वाहिलं. मोठीआई देवळात गेली, फूल उचललं, चुकून आलं बापा, म्हणून महादेवाला हात जोडले आणि घेऊन आली.

वनिताचं लग्न तिरोड्याला झालं. दर रथसप्तमीला ती माहेरी यायची आणि भिंतीवरून वाकून मोठीआईला लाडीगोडी लावायची. तिच्या बोलण्यात सासरकडची हिंदी शिरली होती. मोठीआई, बस दो-चार दे दो ना, ताटाभोवती मांडते, फोटो मस्त येतात. मोठीआईचा जीव होता तिच्यावर. तिच्यासाठी ती जवसाचे लाडू करून ठेवायची, तिच्या पोराला फुलांत बसवून फोटो काढू द्यायची. पण फूल मागितलं की उत्तर एकच. बोलावणं कोणाले आलं, फुलाले का मले? वनिता मान खाली घालायची आणि भिंतीपलीकडे भांडं जोरात आपटल्याचा आवाज यायचा.

एवढंच हवं होतं तिला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सुलाकाकीनं स्वतःच्या पायांनी फाटकातून यायचं आणि तोंडानं म्हणायचं, चला. मध्यंतरी कुठल्याशा महिला मंडळानं विधवांना मान देण्याचा कार्यक्रम ठेवला होता, त्या बायका आल्या. मोठीआईनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. तुमचं काय बिघडलं माह्याशी, म्हणाली, तुमी कायले बोलावता? आणि सुलाकाकी आलीच एखाद दिवशी, तर काय उत्तर द्यायचं तेही तिचं तयार होतं. मला ती ते कधी कधी म्हणूनही दाखवायची, चहा गाळता गाळता, वेगवेगळ्या आवाजांत. नाई येत, जाय. कधी ठसक्यात, कधी हळू. हळू जास्त लागते, असं तिचं मत होतं.

मग एका पावसाळ्यात वनिताचा नवरा गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला. वनिता पोराला घेऊन माहेरी आली आणि भिंतीवरून वाकायची बंद झाली.

त्या वर्षीची रथसप्तमी रविवारी होती, म्हणून मी गावात होतो. दुपारी मोठीआई खुर्चीत, मी झारी घेऊन पाळीवर. फाटकाची कडी वाजली. बघतो तर सुलाकाकी. नवी साडी, हातात करंडा. इतक्या वर्षांत ती या अंगणात आली नव्हती. ती फुलांपाशी येऊन थांबली, पण फुलांकडे बघितलं नाही.

"बाई, चला तुमी. हळदीकुंकू हाय."

माझ्या हातातली झारी पायावर सांडत होती, तरी मी हललो नाही. मोठीआई सुलाकाकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, आणि हा आवाज मी चहा गाळताना कधी ऐकला नव्हता.

"मले बोलवाले आली का वनिताले ओट्यावर बसवाले?"

सुलाकाकीची मी एक गोष्ट मानतो, ती खोटं बोलली नाही. "वनितासाठी," म्हणाली. "तुमी मोठ्या. तुमी ओट्यावर बसल्या तं तिले कोनी उठवनार नाई."

म्हणजे असं होतं. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं ते मोठीआईचं नव्हतंच. आणि 'नाही' म्हणावं, तर ते सुलाकाकीला लागण्याआधी त्या पोरीला लागणार. सूड दारात चालून यावा आणि त्याच्या पाठीमागं आपलंच लेकरू उभं असावं. मला वाटलं आता मोठीआई हरली. उठेल, लुगडं झटकेल, जाईल.

"मी नाई येत," मोठीआई म्हणाली.

सुलाकाकीचा करंडा धरलेला हात खाली आला. ती वळली. दोन पावलं गेली असेल, तेव्हा मोठीआईनं मागून विचारलं, वनिता कुठं आहे. स्वयंपाकघरात, चहा करून राहिली, असं सुलाकाकी न वळता म्हणाली. तिला इकडे आण, मोठीआई म्हणाली, आणि कोणाला पाठवू नको, तूच आण.

मला वाटलं, सुलाकाकी पोरीला पाठवून देईल आणि स्वतः पाहुण्यांत बसेल. पलीकडे बायका यायला लागल्या होत्या. पण ती वनिताला हाताला धरून घेऊन आली. वनिताच्या हातांना आल्याचा वास होता, कपाळ मोकळं. मोठीआईनं तिला जवळ ओढलं आणि भिंतीच्या बुडाशी, सावलीत, सतरंजीवर बसवलं. सुलाकाकी फाटकातच उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

"दिन्या, फाटक लाव," मोठीआई मला म्हणाली. मग तिकडे न बघता, "सुला, तुले कोन्या अंगाले राहाचं ते तू ठरव. पोरीजोळ बसाचं का पाहुण्याजोळ."

सुलाकाकीनं मान वळवून आपल्या घराकडे बघितलं. तिकडे सतरंज्या अंथरलेल्या होत्या, वाणाची भांडी रचलेली होती, गावातल्या मानाच्या बायका ओट्यावर चढत होत्या. आणि यजमानीण इथं. मी फाटकाला हात लावून उभा होतो. इतका वेळ फाटक धरायची मला सवय नाही, माझं काम फायलींचं. शेवटी तिनं बाहेरचा पाय आत घेतला. मी कडी लावली.

ती येऊन वनिताच्या शेजारी बसली. मोठीआई खुर्ची सोडून पोरीच्या दुसऱ्या बाजूला. मला म्हणाली, तूही बस, दिसशील. मी पोट आवरत कसाबसा उकिडवा बसलो. भिंतीच्या बुडाशी आम्ही चौघं, समोर पिवळी पाळ, आणि वाऱ्यानं सगळी फुलं एका अंगाला जात होती. पलीकडे ओट्यावरून कोणी डोकावलं असतं, तर त्यांना फक्त फुलं दिसली असती.

थोडा वेळ पलीकडे नुसत्या गप्पांचा आवाज होता. मग कोणीतरी विचारलं, सुलाबाई कोठी गेल्या? घरात बघितलं, परसात बघितलं, विहिरीकडे कोणाला तरी पाठवलं. आताच तर होत्या म्हणे. भांडी सरकली, कोणी हाक मारली, सुलाबाई, वो सुलाबाई. आवाज भिंतीपर्यंत आले, माघारी गेले, पुन्हा आले. मोठीआईनं डोळे मिटून घेतले होते. त्या दिवशी तिनं फुलांकडे फारसं बघितलंच नाही. ती ऐकत होती, जिभेवर गूळ विरघळत असावा तशी.

वनितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मोठीआईनं डोळे न उघडताच तिच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब जराशी," ती कुजबुजली. "धुंडू दे. मले कोनी धुंडलं नोहोतं."